चाकाला लागलेली उचकी

बाजाररस्त्याला सायकलवाले बरेच होते, पण डोंगरात सायकल घालणारी मंडळी किरकिऱ्याकडंच यायची. हे काही त्याचं आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. त्याला आवाजाचं वावडं, म्हणून लोकांनी चिकटवलेलं. सायकल दारात आली की तो गिऱ्हाइकाचं तोंड नंतर बघायचा, कान आधी पुढं करायचा.

"ब्रेकची पट्टी घासतीय. सीटचा खांब कण्हतोय. साखळी तर उपाशी पोरासारखी बोंबलतीय. सायकल आणलीस का बँडपथक?"

आणि मग बारीकसा टकटकाटसुद्धा शिल्लक असेस्तोवर सायकल त्याच्या स्टँडवरून खाली उतरायची नाही. त्याच्या हातची सायकल गल्लीतून गेली तर मांजर गेल्यासारखी जायची.

त्याचा थोरला भाऊ, दादा, नेमका उलट्या स्वभावाचा. दादा काचा बसवायचा. काच कापताना माणसाला श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो, म्हणून की काय, सुट्टीच्या दिवशी त्याला दंगा लागायचा. पन्नाशी उलटल्यावर एकदा छातीत कळ आली आणि डॉक्टरनं चढ बंद केला. दादानं त्याच्यावर तोड काढली. हलकी इलेक्ट्रिक माउंटन बाईक घेतली. मोटर अगदी बेताची, पायडल मारलं तरच चालणारी, बॅटरी दांडीच्या पोटात दडवलेली. लांबून बघणाऱ्याला साधीच सायकल वाटायची.

"ही ओढत नाही रे," दादा सांगायचा, "नुसती पाठीवर हात ठेवते. चढाला माणसाला तेवढंच लागतं."

सायकल आली त्याच आठवड्यात तो धाकट्याच्या दुकानात हजर. "मागचं चाक मुकं आहे. त्याला वाचा फोड."

"लोक आवाज काढून टाकायला येतात, तू घालायला आलास?"

"डोंगरात वळणावर समोरून माणूस येतो. घंटी वाजवायला बोट मोकळं कुठं असतं? चाकानंच सांगितलं पाहिजे, बाबा येतोय."

मागच्या चाकाच्या पोटात, हबमध्ये, दात्यांचं एक कडं असतं, आणि त्याच्यावर बारक्या स्प्रिंगनी टेकून धरलेली पोलादी कुत्री असतात. कुत्री हा धंद्यातला शब्द. पायडल मारताना ती दात्यांत रुतून गप्प बसतात. पाय थांबले, चाक नुसतं घरंगळायला लागलं, की दात्यांवरून उड्या मारत किरकिरतात. किरकिऱ्यानं शिव्या देत हब उघडला, घट्ट ग्रीस पुसून काढलं, त्याजागी पातळ तेल सोडलं. त्या धांदलीत एक स्प्रिंग उडाली आणि दुकानाच्या फरशीनं गिळली. हातासरशी त्यानं बिघडलेल्या लायटरमधली स्प्रिंग काढली, कापून लांबी जुळवली आणि बसवली. तात्पुरती. चांगली आणली की बदलू म्हणून.

चाक फिरवलं तर आवाज मोठा झाला होता, पण ते एक कुत्रं जरा मागं राहायचं. टर्र टर्र टर्र, टक. टर्र टर्र टर्र, टक.

"याला तर उचकी लागली!" दादा खूश. "कोण आठवण काढतंय याची?"

"उद्या ये, बदलून देतो."

"हात लावलास तर बघ."

तो उद्या कधी उजाडलाच नाही. उचकी राहिली. गल्लीच्या टोकाला दादा पाय थांबवायचा आणि उतारावरून घरापर्यंत घरंगळत यायचा, तो आवाज वहिनींना स्वयंपाकघरात ऐकू जायचा, आणि त्या चहाचं आधण ठेवायच्या. डोंगरात तो पुढं आणि लेक मागं. लेकीला सगळे चिंगी म्हणायचे, दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागली तरी चिंगीच. दादानं तिला सांगून ठेवलेलं, "आवाज आला की समजायचं बाप उतारावर आहे. नाही आला तर चढावर. घाई करायची नाही."

तो गेला तो डोंगरातच. चढ संपतो तिथं एका दगडाला टेकून बसलेला सापडला. सायकल शेजारच्या झाडाला नीट टेकवून ठेवलेली. खरचटलेली नाही की काही नाही. मोटरचा हिरवा दिवा तेवढा चालू होता.

सायकल घराच्या मागच्या पडवीत पडून राहिली. तिच्यावर चादर पडली, चादरीवर धूळ पडली. मग एके दिवशी चिंगीनं ती ढकलत काकाच्या दुकानात आणली.

"काका, मी चालवणार आहे ही. पण अशी नको. सगळं बदल."

"सगळं म्हणजे?"

"चाकं, ब्रेक, गिअर, सीटचा खांब. सांगाडा आणि मोटर राहू दे."

"राहिलं काय मग? म्हसोबा काढून शेंदूर ठेवल्यासारखं." पण पोरीच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं थट्टा आवरली.

काम त्यानं जीव लावून केलं. असल्या हलक्या सायकलीचं नाजूक असतं. मोटर बेताची, म्हणून घातलेलं प्रत्येक वजन चढावर पायालाच भोगावं लागतं. आणि वजन वाचवायला ब्रेक हलका घातला तर उतारावर बॅटरीसकट सगळा पसारा अंगावर येतो. म्हणून ब्रेकला त्यानं हात आखडला नाही, पुढची चकती मोठी घातली. चाकांत मात्र वजन काढलं. मागं जास्त दात्यांचा गिअर दिला, म्हणजे चढाला मोटर कण्हत बसायला नको. सीटचा खांब बटण दाबलं की खाली जाणारा. जुनी सीट काढली तेव्हा ती एका बाजूला दबलेली दिसली. दादा डावीकडं कलून बसायचा. किरकिऱ्यानं ती उलटी करून बाकड्याखाली सरकवली.

"मागचं चाक आधी काढ," चिंगी म्हणाली होती. नवं चाक काकाच्या पसंतीचं निघालं. घरंगळलं तरी कुजबुजल्याएवढाच आवाज.

जुनं चाक खिळ्याला टांगलं. दुकानात वारा आला की ते आपसुक हलायचं आणि एखाददुसरं कुत्रं दात्यावरून उडी मारायचं. टक. किरकिऱ्या हातातला पाना थांबवून वर बघायचा. पुढचं टक येतंय का म्हणून. आयुष्यभर आवाजांच्या मागं लागून त्यांना मारणारा माणूस, आता एका आवाजाची वाट बघत मान वर करून उभा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालं?" हा म्हणायचा, "पाल."

मग एका दुपारी पार्सलवाला आला. खड्ड्यात त्याच्या मागच्या चाकाच्या तारा तुटलेल्या, आणि पिशवीभर पार्सलं वाटायची राहिलेली. किरकिऱ्याची नजर खिळ्याकडं गेली. माप बसत होतं. त्यानं चाक उतरवलं, ग्रीसचा डबा काढला, झाकण उघडलं. थोडा वेळ डब्याकडं बघितलं आणि झाकण परत लावलं. दुकानात टांगून ठेवण्यापेक्षा फिरू दे गावभर, एवढंच त्याच्या मनात आलं.

पार्सलवाला निघाला. कोपऱ्यावर त्यानं पाय थांबवले. टर्र टर्र टर्र, टक. किरकिऱ्याच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

पार्सलवाल्याची फेरी कुठून जाते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

काही दिवसांनी चिंगी आली. नव्या सायकलवरून उतरली, पण हेल्मेट काढलं नाही.

"काका, बाबांचं चाक कुठाय?"

किरकिऱ्यानं रिकाम्या खिळ्याकडं बघितलं.

"संध्याकाळी आई हातातलं काम टाकून फाटकात जाते. आधण ठेवून जाते. परवा पातेलं जळालं. विचारलं तर म्हणते, कुठं काय. मी पण ऐकलं रे काल. मी आंघोळीला गेले होते, तशीच ओल्या केसानं खिडकीत धावले. कुठाय ते चाक?"

त्यानं सांगितलं. चिंगी रागावली नाही, त्यानं त्याला जास्त लागलं. नुसती म्हणाली, "आज घरी ये. बघ तू स्वतः."

संध्याकाळी तो गेला. वहिनी दारातच होत्या.

"या भावजी. आज वाट चुकलात वाटतं?"

"सहज आलो."

"सहज येणाऱ्याच्या तोंडावर असे बारा वाजलेले नसतात. बसा."

आधण गॅसवर होतंच. फाटक सताड उघडं होतं. वहिनी बोलत होत्या, शेजारणीच्या सुनेचं, पाण्याच्या नळाचं. पण एक कान रस्त्याकडं लावलेला, दाराबाहेर बांधलेल्या गाईचा असतो तसा. बोलता बोलता थांबल्या. किरकिऱ्याला काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं.

टर्र टर्र टर्र, टक.

गल्लीच्या टोकापासून आवाज उताराला लागला. किरकिऱ्याला ठाऊक होतं ते कुणाचं चाक, स्वतःच्या हातानं बसवलेलं. तरी तो उठून उभा राहिला. आवाज जवळ आला, फाटकासमोर आला, आणि तसाच पुढं निघून गेला. वहिनी फाटकाला धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या. परत आल्या, गॅस बंद केला.

"तुम्हाला काय वाटलं, मला वेड लागलंय? पार्सलवाला आहे तो. पहिल्याच दिवशी बघितला. डोळे शाबूत आहेत माझे. पायांना सांगितलं, बसा. ऐकत नाहीत."

"चुकलं वहिनी माझं."

"चुकलं खरं. तुमचा भाऊ फाटकापाशी आला की तो आवाज सावकाश व्हायचा. टक... टक... आणि थांबायचा. हा थांबत नाही. रोज येतो आणि दारावरून निघून जातो. रोज." वहिनींनी कप पुढं केला. "आणि पोरगी? तिची ती नवी सायकल, कधी आली, कधी गेली, पत्ता नाही. जिची वाट बघायची ती मुक्यानं येते, आणि जो यायचा नाही तो वाजत येतो. ते चाक काढा आणि तिच्या सायकलीला लावा. ती उतारावरून यायला लागली की मला घरात कळलं पाहिजे."

"मी नाही लावून घेणार."

चिंगी मागच्या दारात उभी होती. खरंच कुणाला चाहूल लागली नव्हती.

"का? बापाचं आहे म्हणून?"

"आई, तो आवाज मागं घेऊन मी चढूच शकत नाही."

"आवाज कसला चढावर? चढावर ते गप्पच असतं."

"तेच!" चिंगीचा आवाज चिरकला. मग खाली आला. "त्या दिवशी बाबा पुढं गेले. मी मागं. आवाज येत नव्हता. मला वाटलं, चढतायत. बापानंच सांगितलेलं, घाई करायची नाही. मी बसले, आई. पाणी प्यायले, फोनवर फोटो बघत बसले. मध्येच वाटलं, एवढा मोठा चढ नाही हा. तरी बसले. चढतायत, चढतायत म्हणत बसले. आणि ते वर..."

हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. किरकिऱ्या कपाच्या कानाकडं बघत राहिला. आता वहिनी काय बोलतील याची त्याला भीती वाटली. एका शब्दानं पोरगी मोडली असती.

वहिनी लेकीजवळ गेल्या. मग लेकीच्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागल्या, लहान पोराचा सोडवावा तसा.

"मग मी तरी काय करत होते?" त्या म्हणाल्या. "अंधार पडला तरी फाटकात उभी राहून तेच म्हणत होते. आवाज नाही, म्हणजे अजून चढावर असतील."

दुसऱ्या दिवशी किरकिऱ्यानं पार्सलवाल्याला बोलावून घेतलं. "घटकाभर थांब. चाकात खोट राहिलीय."

"चांगलं चाललंय की. उलट आवाजानं पोरंटोरं बाजूला होतात."

"थांब म्हटलं ना."

हब उघडला. कुत्री काढून कापडावर मांडली. लायटरची स्प्रिंग घासून बोथट झाली होती, पण अजून तग धरून होती. तिच्या जागी चांगली बसवली. जी दादाला उद्या ये म्हणून देणार होता, ती. मग डब्यातलं ग्रीस बोटानं भरलं, दातादातात, जरुरीपेक्षा जास्त. असलं काम त्यानं हजारदा केलेलं. आज मात्र एखाद्याच्या तोंडावर हात दाबून धरल्यासारखं वाटलं. चाक फिरवलं. ते फिरत राहिलं, फिरत राहिलं. काही नाही.

"झ्याक!" पार्सलवाला म्हणाला. "लोण्यासारखं."

संध्याकाळी तो परत वहिनींकडं गेला. कुणी बोलावलं नव्हतं. वहिनी भाजी निवडत होत्या. पार्सलवाला फाटकासमोरून गेला तो वहिनींना दिसलासुद्धा नाही. थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाकडून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी आरोळी आली, "आई, आले गंऽऽ!"

"गळा बघा कसा काढते," वहिनी म्हणाल्या, "सरकारी भोंगा." पण उठून आधण ठेवलं.

चिंगी आत आली, सायकल भिंतीला लावली, काकाला म्हणाली, "मागचा ब्रेक जरा सळसळतोय."

"उद्या आण."

चहा झाला. किरकिऱ्या निघाला. खिशात हात घातला तर बोटाला काहीतरी टोचलं. ती लायटरची स्प्रिंग. टाकून द्यायची म्हणून खिशात घातलेली, तशीच राहिली होती. बाहेर पडून तो सवयीनं फाटक ओढायला लागला.

"राहू द्या उघडं," आतून वहिनी म्हणाल्या.

त्यानं हात काढून घेतला. गल्ली रिकामी होती. टोकाच्या उतारावर दिवे लागलेले. तो रस्त्याच्या मध्ये उभा राहिला आणि ऐकलं. काहीच आवाज नव्हता.