झेंडूची फ्रेम

आई गेल्यानंतर बाबांनी कढईला हात लावला नाही. इतवारा बाजारात आमचं केळीच्या वेफर्सचं दुकान आहे. आई किसणीवर कच्ची केळी थेट तेलात पाडायची, बाबा झारा फिरवायचे. आता किसणीवरही मी आणि झाऱ्यावरही मीच, त्यामुळे निम्मा घाणा कच्चा, निम्मा काळा. बाबा सकाळी माझ्याबरोबर येत, बाकावर बसत, संध्याकाळी माझ्याबरोबर घरी जात. मलाही काही वाटत नव्हतं. रडू आलं नाही. वेळ झाली की जेवत होतो.

दुकानाच्या पेजवर मी नेटवरून उचललेले फोटो टाकायचो. मुलीनं एकदा पाहिलं.

"पप्पा, ही बाई कोण?"

"मॉडेल आहे."

"मग आपल्या माणसांचे टाका ना. लोग पहचानते हैं तो आते हैं."

पटलं. बाबांचा फोटो पाहून गिऱ्हाईक त्यांना विचारत येईल, आणि विचारलं की ते परत कढईवर बसतील, असा माझा हिशोब. त्यांना थंड कढईमागे बसवलं, हात जोडायला सांगितले. बनियनवर तेलाचे डाग होते, म्हणून फोटो काळा-पांढरा केला. मग तो फारच सुतकी दिसायला लागला, म्हणून ॲपमधली झेंडूची फ्रेम घातली. खाली लिहिलं, 'आमचे बाबा. त्यांच्या हातची चव सदैव स्मरणात राहील.'

थोड्याच वेळात खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. पेजला एवढी माणसं कधी आली नव्हती. काहींनी 'ॐ शांति' लिहिलं. मला वाटलं, आपलं गिऱ्हाईक धार्मिक आहे. मी एकेकाला उत्तर दिलं, 'धन्यवाद. दुकानाला सहकुटुंब भेट द्या.'

दुसऱ्या दिवशी तुकईथडचे काका आले. आमची केळी वर्षानुवर्षं त्यांच्याच बागेतली. डोक्यावर धुतलेली टोपी, खांद्यावर उपरणं. त्यांनी मला मिठी मारली.

"कसं झालं रे एकदम? आजारी होता का?"

"कोण?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून बाकाकडे पाहिलं आणि मला सोडलं.

"तू तर बसेल आहे."

"बसेलच आहे," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"ती गेली तेव्हापासून."

काका त्यांच्या शेजारी टेकले. "वहिनीच्या वेळेस बाग कापणीला आली होती, येणं झालं नाही. म्हटलं, तुझ्या वेळेला तरी पहिल्या गाडीनं निघावं."

"थोडा लवकर आला," बाबा म्हणाले.

मी मोबाइल काढून सगळे हात परत एकदा वाचले. हसावं की लपावं ते कळेना, आणि खरं सांगायचं तर दोन्हीची गरज वाटत नव्हती. पोस्ट काढून टाकली. दुखवट्याला आलेल्या माणसाला आपण खायला देत नाही. पण ज्याचा दुखवटा तोच समोर बसलेला, म्हणून मी सकाळच्या घाण्यातले वेफर्स प्लेटमध्ये काढले.

काकांनी एक उचलला, चावला, आणि माझ्याकडे न बघता गिळला.

बाबांनी प्लेट पाहिली. "माझ्या हातची चव म्हणून लिहिलं ते हेच का?"

मी प्लेट मागे ओढली.

ते उठले. गॅस पेटवला, तेल तापू दिलं, झारा फडक्यानं पुसला. "किसणी धर. एवढी उंच नको, तेल उडतं. ती नेहमी खाली धरायची." मी खाली धरली. बोटं भाजली. काका मन लावून बघत होते, जणू यासाठीच आले होते.

मिठाचं पाणी सोडताना बाबा कढईकडे बघतच म्हणाले, "फोटो टाकायचा तर तिचा टाकायचा."

संध्याकाळी मी मोबाइलमध्ये तिचा फोटो शोधला. पाकिटं, पाकिटं, बोर्ड, पाकिटं. आईचा एक नाही. घरच्या हारातला फोटोसुद्धा आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात ती कुणीतरी तिला रागावल्यासारखी बघते. शेवटी कच्च्या केळ्यांच्या एका फोटोत, कडेला, किसणीवरचा तिचा हात सापडला. कोपरापर्यंतच. बांगड्या, आणि मनगटाजवळ तेलाचा जुना डाग.

बाबांना दाखवला. त्यांनी तो जवळ धरला, मग लांब धरला. "टाक," म्हणाले.

फ्रेम घातली नाही, खाली काही लिहिलं नाही. थोड्या वेळानं एकानं विचारलं, 'क्या भाव?'

मी भाव लिहिला.