तीस झाडांचा घेर

खारूची आई शिवणकाम करते आणि घरातला प्रत्येक खर्च गणवेशांत मोजते. मुलीला विद्यापीठात वनशास्त्राला प्रवेश मिळाला, त्या दिवशी तिने लेकीला मिठी मारली आणि लगेच विचारलं, “किती गणवेश?”

“वर्षाची फी दोनशे. वसतिगृह आणि जेवण तीनशे. बूट, रेनकोट, जंगलातल्या शिबिरांचा प्रवास मिळून ऐंशी.”

“अगं बाई! झाडाखाली बसून शिकायचं, त्याला एवढे?”

“बसून कुठे, चढून!” सदानकदा झाडावर असायची म्हणून तर तिला सगळे खारू म्हणत.

आईला दुसरी काळजी होती ती वर्गात मुली किती याची. बेचाळीस जणांत नऊ होत्या. बाकी वनरक्षकांचे, शेतकऱ्यांचे मुलगे, आणि एक पस्तिशीचे निवृत्त सैनिक, ज्यांना सगळा वर्ग काका म्हणे. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरात त्यांच्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. “म्हणजे सगळे आपल्यासारखेच की!” आई म्हणाली आणि जरा निवांत झाली.

पण पाचशे ऐंशी गणवेश दरवर्षी शिवणं तिच्या डोळ्यांना झेपणारं नव्हतं. पहिलं वर्ष तिने कसंबसं रेटलं. वर्षाच्या शेवटी झाडं मोजण्याची परीक्षा असे. तीत पहिल्या दोघांत येणाऱ्यांना पुढची तिन्ही वर्षं वसतिगृह आणि जेवण मोफत. नाही जमलं तर खारूने शिक्षण थांबवून घरी मशीनवर बसायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं.

परीक्षेच्या सकाळी आईचा फोन आला. “आज नेमकं काय करायचंय गं?”

“तीस झाडांच्या खोडांचा घेर घ्यायचा. आपल्या छातीच्या उंचीवर.”

“मग हे तर आपलं घरचंच काम! आणि बाह्यांचं माप कोण घेणार?”

“आई!”

“बरं बाई. टेप फार आवळू नकोस, गिऱ्हाईक ओरडतं.”

वेळ दोन तासांचा होता. खारूचा हात दहाव्या वर्षापासून टेपवर बसलेला, त्यामुळे ती सपासप पुढे निघाली. सव्वा तासात तिसावं झाड! त्याच्या खोडावरून डिंक ओघळला होता. टेप काढायला गेली तर तिची डाव्या हाताची दोन बोटं खोडाला चिकटून बसली. ती बोटांकडे बघतच राहिली. टेपच्या आत बोटं! कपडा अंगाला काचू नये म्हणून शिवणारे टेपखाली दोन बोटं ठेवतात, तशीच तिने प्रत्येक झाडाला ठेवली होती. तीस झाडांना तिने ऐसपैस सदरे बेतले होते!

प्रत्येक आकड्यातून तीन सेंटिमीटर वजा करावेत का? मोह झाला. पण बारीक खोडावर बोटांचा फरक जास्त पडतो, जाड खोडावर कमी. आता पुन्हा मोजण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हातात उरली होती पाऊण तासाची धाव. ती तिसाव्यापासून उलटी पळत सुटली.

“अगं, तुझं झालं ना? मागे कुठे निघालीस?” वाटेत काका ओरडले.

“झाडांचे कपडे सैल झालेत, काका!”

“ऊन लागलं हिला,” काका हसून पुन्हा आपल्या झाडाला भिडले.

जुन्या आकड्यावर एक रेघ, शेजारी नवा आकडा, त्यापुढे सही, असा नियम होता. खारूची सही हळूहळू नुसता फराटा झाली. दुसऱ्या नंबरच्या झाडाची सही करून ती पहिल्याकडे झेपावली, तोच सरांची शिट्टी वाजली.

उरलेल्या आकड्याशेजारी तिने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘हे माप सैल आहे.’

“सैल म्हणजे?” सरांनी चष्मा वर केला. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. सर पोट धरून हसले, आणि त्या झाडाचे गुण कापले.

संध्याकाळी फलकावर यादी लागली. खारूने लगेच फोन लावला.

“आई, दुसरी! दुसरी आले मी!”

“पहिला कोण?”

“काका.”

“मोठा माणूस आहे, जाऊ दे,” आई उदारपणे म्हणाली. मग तिला कळलं. मशीनचा आवाज थांबला, खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि आई फोन हातात धरूनच शेजारणीच्या दाराकडे धावत सुटली, “अहो ताई, ऐकलंत का!” पलीकडचा दोघींचा गलका खारू फोन कानाला लावून ऐकतच राहिली.