खुंटामामांचा जनरेटर

लग्नघरी आलेला माणूस आधी मंडप बघतो, आचाऱ्याची चूल कुठे पेटलीय ते बघतो. खुंटामामा आधी जमीन बघायचे. टेम्पोतून जनरेटर उतरवला की चपलेच्या टोकानं माती उकरत मंडपाभोवती फिरायचे, ओल लागली की थांबायचे आणि कमरेइतका लांब लोखंडी खुंटा घणानं ठोकायला लागायचे. त्यांचं खरं नाव आधारकार्डावर असेल. देऊळघाटापासून मेहकरापर्यंत सगळे त्यांना खुंटामामाच म्हणत, आणि त्यांना त्याचा राग नव्हता.

खुंटा रोवला की त्याच्या बुडाशी ओतायला घरात येऊन मागायचे, "बादलीभर पानी अन् मूठभर मीठ द्या." बायकांना हसायला तेवढं पुरे. माझ्या आत्यानं एकदा विचारलं, "काऊन मामा, मंडपाची दृष्ट काढता काय?" मामा न हसता म्हणाले, "हाव बाई. मशीनीतला करंट कोठी फुटला त त्याले जमिनीत जाले वाट पाह्यजे. वाट नसली त तो मानसातून जाते." त्या दिवशी आत्या दिवसभर पोरांना मंडपाच्या लोखंडी खांबांपासून हुसकत होती.

वीज गेली की लोक "मामा, चालू करा ना" म्हणून ओरडत, आणि हे गृहस्थ शांतपणे आमच्या भागातल्या वायरमनला फोन लावत. "भाऊ, कोठी हायेस? खांबावर हायेस का खाली?" तो वायरमन तिशीतला, थट्टेखोर. "मामा, माही बायको बी इतके फोन करत नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. मामा म्हणायचे, "तिले सांगजो, तुह्याचसाठी करून राह्यलो म्हनून."

मामांना खरी धास्ती होती ती एका वायरीची. भारनियमनाच्या दिवसांपासून आपल्याकडे घरोघरी एक वायर असते, दोन्ही टोकांना पिना लावलेली. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटात खुपसलं की सगळं घर उजळतं. मेन स्विच पाडायचं मात्र कुणाला सुचत नाही, आणि मग तोच करंट घरातून उलटा खांबावर चढतो. "दोन तोंडाचा साप हाय तो, सर," मामा मला सांगायचे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मान डोलवायचो. आमच्या घरातही ती वायर होती, कोठीघरात, खिळ्याला टांगलेली.

आणखी एक खोड होती त्यांची. मशीन चालू असेपर्यंत ते तिथून हलत नसत. ताट तिथंच मागवायचे आणि डोळे मशीनवर ठेवून उभ्यानं जेवायचे. लोकांना हा ताठा वाटायचा. मला तो आमच्या घराचा कमीपणा वाटला, आणि तिथंच सगळं बिनसलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न देऊळघाटला आमच्या दारातच होतं. सकाळी वावटळ आली आणि गल्लीतली तार तुटली. वायरमन दुरुस्तीला लागला होता. मामांनी फोन करून ते विचारूनही घेतलं होतं. मंडपातले पंखे आणि माइक जनरेटरवर चालले. माझा थोरला भाऊ, दादा, घरातही लाइट द्या म्हणून मागे लागला. मामा म्हणाले, "घराच्या बोर्डात नाही देत. मेन पाडा, फ्यूज काढून माह्या हातात द्या, मंग देतो." मेन स्विच गंजून बसलेला, हलेना. मामांनी एक वेगळी वायर टाकून आतल्या खोलीत दोन पंखे लावून दिले. दादाचं त्यात समाधान झालं नाही.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मामा मशीनपाशी उभे होते. मी गेलो आणि त्यांचा हात धरला. "मामा, माह्या बहिनीच्या लग्नात तुम्ही उभ्यानं जेवसान काय? मले बरं दिसते का?" ते नाही म्हणाले. मी पुन्हा आग्रह केला, आजूबाजूच्या चौघांनी री ओढली. आपल्याकडे आग्रहापुढे कुणाचं काय चालतं! ते संकोचून हसले आणि माझ्यामागून आले. मी स्वतः त्यांच्या पानावर तूप वाढलं.

दादाला तेवढी सवड पुरली. बहीण आत शालूत घामानं निथळत होती, म्हाताऱ्यांना जीव नकोसा झाला होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं खिळ्यावरची वायर काढली, एक टोक मशीनला लावलं, दुसरं सॉकेटात खुपसलं. घरातला कूलर सुरू झाला, बायकांनी हसून गलका केला.

मामांनी भात कालवला होता. मशीनचा आवाज जड झाला आणि त्यांची मान वर झाली. "कोन जोडलं बे?" एवढंच ओरडले आणि खरकट्या हातानं पंगतीतून धावत सुटले. त्यांनी मशीन बंद केलं तोवर गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली होती. वायरमन खांबावरून खाली पडला होता. बुलढाण्याला नेलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नव्हता.

तासाभरात पोलीस आले. तोवर कुणीतरी ती वायर गुंडाळून ठेवली होती. "जनरेटर कोनाचा?" मामा पुढे झाले. "माहा." "मशीनवर कोन होतं?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, दादा माझ्या शेजारी. मामांनी आमच्याकडे पाहिलं, मग दारातल्या नवरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच होतो."

बहिणीची पाठवणी होऊ दे, मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. पाठवणी झाली. मग म्हटलं वकिलाला विचारू. मग तारखा सुरू झाल्या आणि रोज एक नवीन कारण मिळत गेलं. भित्र्या माणसाला कारणांची कधी वाण पडत नाही.

मामांनी धंदा बंद केला आणि मेहकरला लेकीकडे जाऊन राहिले. मी एकदा गेलो, खरं सांगतो म्हणालो. ते म्हणाले, "काऊन? भावाले आत धाडसान? त्या वायरमन पोराची बायको काही मले माफ करत नाही, तुमाले बी करनार नाही." मग म्हणाले, "मी पंगतीले बसाले नव्हतं पाह्यजे." मी म्हटलं, "मामा, मीच तुम्हाले ओढत नेलं." ते म्हणाले, "तुमी पाहुन्याले जेवाले नेलं, सर. त्याच्यात तुमचं काय चुकलं? मशीन त माही होती." त्यांनी मला रागावायला हवं होतं. मला ते शब्द शिवीपेक्षा लागले.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, इतक्या वर्षांनी, मी पोलीस ठाण्यात गेलो. जबाब लिहून नेला होता. तिथल्या हवालदारानं तो अर्धा वाचून परत दिला. "आरोपी मयत झाला, सर. केस संपली. आता हे आनून भावाले कामाले लावता का?" दादाला दोन मुली, एक लग्नाची. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी आलो.

ठाण्यातून निघण्याआधी त्या हवालदारानं मला ती जुनी फाइल उघडून दाखवली होती. मरणाचं कारण एका शब्दात लिहिलेलं होतं, निष्काळजीपणा, आणि त्याच्यापुढे खुंटामामांचं खरं नाव. ते मी तिथं पहिल्यांदा वाचलं.