जानराव आणि तीन चापड्यांचं विष

परतवाड्याच्या बाजारात जानरावांचा भाजीचा ठेला आहे. त्यांच्याकडचं टमाटर पिचलेलं निघालं, असं सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. जीपमधून माल आणताना त्यांचा एकच नियम : मालाचं प्लास्टिकचं कॅरेट अर्धं असलं की माल हलतो, हलला की पिचतो; म्हणून तीन अर्धी कॅरेटं एकात ओतायची. या नियमावर तीस वर्षं धंदा झाला, आणि याच नियमानं ते मोनालीच्या पीएचडीवर जाऊन आदळले.

मोनाली अमरावतीची. मेळघाटातल्या बांबूवर चापडा नावाचा हिरवा विषारी साप राहतो, त्याच्या विषाचा तिचा अभ्यास. हिरव्या पानांत हिरवा साप शोधणार कोण? मेथीच्या जुडीतून गवताची काडी हेरणारे जानराव! वनखात्याची तीन सापांपुरती परवानगी होती, पकडायला वनरक्षक होता. तीन चापडे मिळाले. मोनालीनं प्रत्येकाचं विष वेगळ्या बाटलीत काढलं, साप आपापल्या बांबूवर परत सोडले, आणि टिपणं लिहायला ती मागे थांबली. बाटल्या बर्फाच्या डब्यातून परतवाड्याला न्यायचं काम जानरावांकडे आलं.

"काका, जपून न्या."

जपून कसं न्यायचं, हे जानरावांना शिकवायचं!

संध्याकाळी ठेल्यावर मोनालीनं डबा उघडला. एकाच बाटलीत विष. दोन धुऊन, पुसून, लखलखीत.

"काका, हे काय केलं?"

"पोरी, तळाले चार-चार थेंब होते. घाटात निरे डुचमळून राहिले होते. मंग म्या हातमोजे घातले अन् एकात केले. एक थेंब सांडला नाई!"

मोनाली कांद्याच्या पोत्यावर बसली. म्हणाली, "काका, विष म्हणजे एकच वस्तू नसते. कितीतरी प्रथिनांचा मसाला असतो. एक रक्त गोठू देत नाही, दुसरं मांस सडवतं. कोणात काय किती, ते जागेनं बदलतं, वयानं बदलतं, खाण्यानं बदलतं. मला एकेका सापाचं वेगळं पाहायचं होतं."

जानराव मान हलवत होते, पण डोळ्यांत काही उजाडेना. शेवटी पार्बताबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, वांगी तोलता तोलता बोलल्या :

"अवो, साऱ्या आळीचा ठेचा एका गंजात ओतला, त माहा कोणता अन् तुमच्या बहिणीचा कोणता, कोण सांगन? तिच्या ठेच्यात त नुसतं मीठच रायते!"

जानरावांचा चेहरा कोहळ्यासारखा पांढरा पडला. सापांत विष पुन्हा भरायला तीन आठवडे, आणि त्यानंतर परवानगीचे उरणार नऊ दिवस. तेवढ्या दिवसांत तेच तिन्ही साप मिळाले नाहीत, तर पोरीचं वर्ष वाया.

चापडा मुळात आळशी. तीन आठवड्यांनी दोघे जवळपास तिथंच सापडले. तिसरी, नाल्याकाठची जाडी मादी, मात्र गायब. जानराव रोज पहाटे जाऊन नाल्यावर बसू लागले. चापड्याच्या डोळ्या-नाकाच्या मध्ये खळगा असतो, त्यातून त्याला ऊब कळते. म्हणजे जानराव आलेत, हे तिला रोज कळत असणार. जानरावांना मात्र काही कळेना.

"घरी दोन मिनिटं बसा म्हटलं त बसत नाईत," पार्बताबाई गिऱ्हाइकांना सांगत, "अन् तिच्यासाठी दिवसदिवस बसून राहिले!"

नवव्या दिवशी जेवायला म्हणून जानरावांनी बांबूवर टांगलेल्या डब्याकडे हात नेला आणि तो तसाच हवेत राहिला. डब्यापासून वीतभर वर जाडी बसली होती. कधीपासून, तिचं तिला ठाऊक. जानराव हळूच म्हणाले, "बाई, तू बस. मी उपाशी रायतो," आणि उलट्या पावली वनरक्षकाला बोलवायला गेले. त्या दिवशी बाटल्या मोनालीनं स्वतःच्या मांडीवर नेल्या. जानरावांना ड्रायव्हरशेजारी बसवलं.

पुढे प्रबंध झाला. मोनाली तो घेऊन ठेल्यावर आली. आभारात जानरावांचं नाव होतं.

"नाव छापलं," पार्बताबाई म्हणाल्या, "चूक नाई छापली का व?"

"छापली की, काकू." मोनालीनं तक्ता उघडला. तीन सापांच्या तीन रांगा, तिन्हींचे आकडे वेगळे. खाली चौथी रांग, काकांनी एकत्र केलेल्या बाटलीची. "एकत्र केलं की फरक कसे बुजून जातात, ते हिच्यावरूनच दाखवता आलं. सरांना हीच रांग सगळ्यात आवडली."

जानरावांनी तक्ता हातात घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी बोट टेकवून सांगितलं :

"हे तीन सापाचे. चौथं जहर माहं!"