सशाचे सर

सर बेगमपुढे पालक हा शब्द उच्चारू देत नसत. बेलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत विषय निघालाच तर 'ती भाजी' म्हणायचे. बेगम ही पांढरी सशीण. पालकाची पाने उन्हावर ज्याच्या जोरावर अन्न करतात, ते प्रथिन सरांनी तिला टोचले होते आणि तिच्या रक्तात त्याला हुडकून चिकटणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या होत्या. माझी सगळी पीएचडी त्या रक्तावर चालली होती. "ती भाजी खाल्ली की अंगाला तिची सवय होते. मग अंग तिच्याशी भांडेल कशाला?" सर म्हणत. यात तथ्य होते. पण पालकपुरी आणणाऱ्याला डबा घेऊन शेजारच्या दिवाळे गावच्या सुकत्या बोंबलांत जेवायला धाडणे कुठल्या शास्त्रात बसते, ते मला अजून कळलेले नाही.

सर उरणकडचे कोकणी मुसलमान, अदबीचे. बेगमच्या कानाच्या शिरेतून थोडे रक्त काढण्याआधी ते तिची परवानगी मागत. "बेगमसाहेबा, जरा त्रास देतो." तिने कान हलवला तर ठीक. नाही हलवला तर त्या दिवशी माझ्या प्रयोगाला सुट्टी.

खरी पंचाईत पुढेच होती. अशा कामात शेवटी सशाचे सगळे रक्त काढून घेतात. ससा अर्थातच उरत नाही. माझ्या शेवटच्या प्रयोगांना तेवढे रक्त हवेच होते. पण दिवस ठरला की सर आजारी पडत. एकदा म्हणाले, बेगमची तब्येत बरी नाही, तिला रजा हवी. रजा म्हणजे टोपलीत घालून नेरूळच्या फ्लॅटवर. तिथून ती परतलीच नाही.

"सर, माझ्या थिसिसचं काय?" मी रडकुंडीला आले.

"टेन्शन नको घेऊ. फ्रीजरमध्ये तिचं आधीचं रक्त आहे, ते पातळ करून वापर."

मी पातळ करत गेले. अँटिबॉडीला प्रथिन सापडले की फिल्मवर उमटणारे काळे पट्टे फिके होत गेले, पण आले. वर्ष गेले. सरांचा संताप यायचा आणि त्याच सरांवर जीवही जडला होता.

थिसिसच्या आभारांत सरांनी स्वतःच्या आधी बेगमचे नाव घालायला लावले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमके तेच विचारले, "या बेगम कोण?"

"आमच्या ज्येष्ठ सहकारी," सर म्हणाले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "आज सकाळीच गेल्या."

परीक्षक उठून उभे राहिले. मागोमाग सगळे विद्वान. एका सशिणीसाठी ते माना खाली घालून स्तब्ध उभे होते. खरे तर मला हसू फुटायला हवे होते, पण मी हुंदके देत होते. परीक्षकांनी मला पाणी दिले आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही.