डाव्या गालावरचा हळद-चुना

माझ्या मुलीच्या डाव्या गालावर जन्मापासून एक डाग आहे. डोळ्याच्या खालच्या कडेपासून तो जबड्यापर्यंत उतरतो. रंग पिकलेल्या जांभळाच्या रसासारखा. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या जिथे जन्मतःच रुंद राहतात, तिथे रक्त अधिक साठते आणि असा डाग दिसतो. हे एका वाक्यात सांगता येते. आमच्या गावात, कुरुंद्यात, मी ते नऊ वर्षे सांगत आले आणि कोणीही ते पूर्ण ऐकून घेतले नाही, कारण गावाकडे त्याहून लहान वाक्य तयार होते: हिने ग्रहणात विळी हातात घेतली.

ते वाक्य पहिल्यांदा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी उच्चारले. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. आमची घरे एकाच भिंतीला लागून आहेत. बारशाला आलेल्या बायकांसमोर त्या पाळण्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "गिऱ्हान पाळलं न्हाई, त्याचं हे."

मी पंचांग आणून दाखवले. त्या नऊ महिन्यांत आपल्याकडे दिसेल असे एकही ग्रहण नव्हते.

"पंचांगात सगळं थोडंच छापतेत, मास्तरीणबाई," अक्का म्हणाल्या, आणि बायका हसल्या. त्या हसण्यातली प्रत्येक बाई मला आजही ठाऊक आहे.

मुलगी चौथीत गेली तेव्हा आम्ही तिला नांदेडच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी समजावले ते मला आवडले, कारण त्यात क्रम होता. लेसरचा विशिष्ट रंगाचा प्रकाश रक्तातला लाल रंग शोषून घेतो, त्या उष्णतेने रुंद झालेली रक्तवाहिनी आतून बंद होते, आणि वरची त्वचा बरीचशी सुरक्षित राहते. हे एकदा करून भागत नाही. दोन-दोन महिन्यांच्या अंतराने पुष्कळदा करावे लागते. डाग पूर्ण जाईल असे वचन त्यांनी दिले नाही. फिका होईल, म्हणाले. लेक सातवीत जाईपर्यंत तो फिका व्हावा, एवढेच मला हवे होते. सातवीपासून मुले किती क्रूर होतात, हे मी रोज वर्गात पाहते.

लेसरच्या पहिल्या बैठकीला तिच्या डोळ्यांवर संरक्षक झाकणे बसवली. यंत्र टक्-टक् करीत गालावरून फिरले. "रबर ताणून सोडल्यासारखं लागतं," ती म्हणाली, आणि रडली नाही. परतताना गाल काळा-निळा पडला होता. तो आठ-दहा दिवस तसाच राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

घरी येताच मी सूचनांचा कागद तयार केला. ऊन नको, साबण नको, पावडर नको, क्रीम नको, चोळू नये, खपली काढू नये. ठळक अक्षरांत लिहून तो आरशाशेजारी चिकटवला. वर्गात फळ्यावर नियम लिहिते, अगदी तसा.

तिसऱ्या दिवशी मला परीक्षेच्या कामासाठी शाळेत जावे लागले. तिचे वडील शेतात होते. शिजवलेली हळद वाळत घालण्याचे दिवस होते, आणि त्या उन्हात तिला नेणे शक्य नव्हते. म्हणून तिला अक्कांकडे ठेवले. आरशाशेजारचा कागद काढून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो माझ्यादेखत शेवटपर्यंत वाचला.

संध्याकाळी पाच वाजता मी परतले तेव्हा मुलगी अक्कांच्या ओसरीवर बसली होती आणि तिचा गाल कुंकवासारखा लाल होता. क्षणभर मला रक्तच वाटले. मग वास आला. हळद आणि चुना. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे मी दरवर्षी मुलांकडून करवून घेते. आमच्याकडे मुका मार लागला की पहिला हात त्याच वाटीकडे जातो.

"कधी लावलं?" मी विचारले.

"दुपारी. जेवणाच्या आधी."

"आग होतेय का?"

"व्हय," मुलगी म्हणाली. "पण अक्का म्हणल्या, आग झाली म्हंजी गुण येऊन राहिला."

मी पाण्याखाली गाल धरला. लेपाबरोबर वरची नाजूक त्वचाही निघाली. अक्का पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काहून धुवून राहिली? रात्रभर ठेवायचा असतो."

"अक्का, कागद वाचला होता ना तुम्ही?"

"वाचला की. पावडर न्हाई, किरीम न्हाई, साबण न्हाई. म्या काई लावलं त्यातलं? मुका मार हाय लेकराला, हळद-चुना न्हाई लावायचा तं काय लावायचं? अन् हळद काय बाहेरची हाय? आपल्या रानातली हाय."

माझ्याकडे उत्तर होते, पण ते त्यांच्याविरुद्ध जितके होते तितकेच माझ्याविरुद्ध होते. सहा गोष्टी मी लिहिल्या. सातवी लिहिली नाही, कारण आमच्या गावात हळद ही लावण्याची 'गोष्ट' म्हणून मोजलीच जात नाही. ती हाताला असतेच. जो शिक्षक यादी देतो, त्याच्या यादीबाहेरचे सगळे विद्यार्थ्यांना मोकळे असते. हे मला ठाऊक असायला हवे होते.

तरीही मी त्यांना म्हणाले, "यापुढे माझ्या मुलीला हात लावायचा नाही."

"बघा, शिकलेल्या बाईचं बोलणं," अक्का भिंतीपलीकडच्या कोणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तकलीफ आमी काढायची, अन् वर हे."

डॉक्टरांनी गाल पाहिला आणि चुन्याचे ऐकून घेतले. जबड्याजवळची त्वचा रासायनिक भाजण्याने गेली होती. पुढची बैठक लांबली. मुलगी म्हणाली, "आई, मला परत नको." मी तिला समजावले नाही. जी मुलगी आपल्याच माणसांच्या ओसरीवर भाजली, तिला विश्वासाचा धडा मी कोणत्या तोंडाने देणार होते?

सात महिन्यांनी ती आपणहून म्हणाली, "चला." जबड्याजवळ आता रुपयाएवढा पांढरट, सुरकुतलेला व्रण होता. डॉक्टरांनी तो सोडून वरच्या भागावर काम केले. अशा तीन बैठका झाल्या. डोळ्याखालचा भाग गुलाबी झाला, मग फिका गुलाबी.

चौथ्या बैठकीहून परतलो त्या दिवशी मुलगी चप्पल न काढता सरळ अक्कांच्या दारात गेली. मी आमच्या उंबऱ्यावर थांबले. हळद-चुन्याच्या त्या दिवसापासून मी त्यांच्या दारात पाय ठेवलेला नाही. अक्का तांदूळ निवडत होत्या. मुलीने डावा गाल पुढे केला आणि बोट ठेवून दाखवले, जसे ती नकाशावर जिल्हे दाखवते.

"अक्का, हितं तुमी काई लावलं न्हवतं. अन् हितं लावलं होतं. बघा."

अक्कांनी पाहिले. सूप मांडीवर तसेच राहिले.

"नीट बघा," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच मला बरे वाटले नाही.

"बघितलं," अक्का म्हणाल्या. त्यांनी सूप उचलले आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मुलगी परत आली आणि आरशासमोर उभी राहिली. "पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारू," ती म्हणाली, "व्रणावर लेसर कधी चालेल ते." मी ते वहीत लिहून घेतले.