लावणीचा शौकीन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनचा मालक लावणीचा भारी शौकीन. रेडिओवर ढोलकी सुरू झाली की त्याचा वस्तरा गिऱ्हाईकाच्या गालावरच थांबायचा. "हलू नगासा. आता आवाज कसा फिरवती बघा," म्हणायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. लावणी संपल्याशिवाय उरलेली दाढी व्हायची नाही. एवढा रसिक माणूस म्हणून मला त्याचं कौतुक वाटायचं.

दुकानाच्या मागंच त्याचं घर. तिथं भांडी घासताना त्याची थोरली पोरगी एकदा अशीच एक लावणी गुणगुणली. आवाज गोड होता. बाकावरची माणसं बोलायची थांबली. तो केस कापायचं मशीन घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा मशीनच्या दात्यांत लांब केस अडकले होते. फुंकर मारून त्यानं ते झटकले. "आमच्या घरात असलं न्हाय चालायचं," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी मी खुर्चीत बसलो होतो आणि रेडिओवर तीच लावणी लागली. मागच्या घरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. वस्तराही थांबला. त्यानं डोळे मिटले.

"बाईनं जीव ओतलाय की," तो म्हणाला.

मी हललो नाही.